सदरा आणि ताळेबंद

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "अंगावरचा कपडा आणि कंपनीचा शेअर, या दोहोंवर मिळून बोलावे म्हणतो." चालकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, तुम्ही युनियनची माणसे. संपावर बोला, बोनसवर बोला. शेअरबाजार हा मालकांचा प्रांत; तिथे तुमचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे, म्हणून आधी तेच देतो.

पहिले उत्तर असे की, कामगार केव्हाच भागधारक झालेला आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेले नाही. २०१५ च्या ऑगस्टपासून कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही हिस्सा शेअरबाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांत गुंतविला जाऊ लागला. आरंभी हा हिस्सा ५ टक्के होता. दोन वर्षांत तो १५ टक्क्यांवर गेला. ज्या फिटरने आयुष्यात दलालाचे तोंड पाहिले नाही, त्याच्याही घामाचा पैसा आज तिथे आहे. कामगार संघटनांनी या निर्णयाला विरोध केला होता आणि त्या विरोधात आम्हीही होतो. परंतु सभांतून विरोधाची भाषणे करताना आमच्या ध्यानात आले की, समोर बसलेल्यांपैकी शेअर म्हणजे नेमके काय हे सांगू शकतील अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

दुसरे उत्तर बोनसचे. बोनसच्या वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाला कंपनीचा ताळेबंद वाचता आलाच पाहिजे. नाहीतर मालकाचा हिशेबनीस "यंदा काही उरले नाही हो" म्हणतो आणि आपण मान डोलावून परत येतो. मुंबईच्या गिरण्यांच्या दाव्यात लेबर अपेलेट ट्रायब्यूनलने १९५० साली एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून घसारा काढा, यंत्रांच्या नूतनीकरणाची रक्कम काढा, कर काढा, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा काढा, राखीव निधीपैकी जो धंद्यात खेळता असेल त्यावर त्याहून कमी दराने परतावा काढा. मग जे उरेल त्यात कामगाराचा वाटा. पुढे १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि त्यातल्या तरतुदी २०१९ च्या वेतन संहितेत घेण्यात आल्या. त्या १९६५ च्या कायद्यातले २३ वे कलम मोठे मौजेचे होते. कंपनीचा तपासलेला ताळेबंद खरा आहे असे धरून चालण्याची मुभा ते न्यायाधिकरणाला देत असे. परंतु त्यातल्या कोणत्याही बाबीचा खुलासा मागण्याची वाटही त्याच कलमाने कामगार संघटनेला मोकळी ठेवली होती. नववीत शाळा सुटलेल्या आम्हांला हिशेब शिकविला तो या एका कलमाने. खुलासा मागायचा तर कशाचा मागायचा, हे आधी कळले पाहिजे! आमचे एक जुने कार्यकर्ते होते. रात्री कचेरीत कंदील फार वेळ जाळू नये अशा काटकसरीने ते आम्हांला शिकवीत. ते म्हणत, "ताळेबंद म्हणजे लग्नातला फोटो. ३१ मार्चला एक दिवस नटून काढलेला. बाकीचे ३६४ दिवस घरात कोणते कपडे असतात ते शोधायचे."

तिसरे उत्तर सांगताना आम्हांला थोडी लाज वाटते, पण सांगतो. १९९८ च्या सुमारास आमच्या वसाहतीतल्या एका लेथवरच्या कारागिराने स्वेच्छानिवृत्ती घेतली. अडीच लाखांच्या आसपास रक्कम हाती आली. चांगली इस्त्री केलेला, टाय लावलेला एक एजंट त्याच्या घरी आला. त्याच्याजवळ गुळगुळीत कागदाचे रंगीत पुस्तक होते. त्यात सागाची झाडे, हिरवेगार डोंगर आणि कंपनीच्या कचेरीचा संगमरवरी जिना. कारागीर ते पुस्तक घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, एक लाख घालावे म्हणतो. तुम्ही जरा बघता का?" आम्ही ते पुस्तक हातातही घेतले नाही. "हे भांडवलवाल्यांचे धंदे, आपल्याला त्यातले काही कळत नाही," असे म्हणून मोकळे झालो. त्या काळी अशा वृक्षलागवडीच्या योजनांचे पीकच आले होते. १९९९ साली सेबीने त्यांच्यासाठी नियम केले, तोवर पुष्कळांची कुलुपे लागली होती. त्यातले एक आमच्या माणसाच्या लाखावर लागले. पुढे कित्येक वर्षे तो एका गोदामाच्या दारात बारा-बारा तास रखवालदारी करीत होता. ते पुस्तक पुढे आम्ही त्याच्याकडून मागून घेतले आणि चाळले. बत्तीस पाने होती. त्यात ताळेबंद नव्हता. बोनसच्या टेबलावर मालकाला घाम फोडणाऱ्या आम्हांला एवढे पाहायला पाच मिनिटे लागली असती.

तर, अध्यक्षमहाराज, या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार असलाच तर तो असा, चुकीतून आलेला आहे.

आता कपड्याकडे वळू. काटकसर म्हटली की पुष्कळांना अवकळा आठवते. ते बरोबर नाही. महात्मा गांधींनी १९२१ साली मदुरेला पंचा स्वीकारला, हे आपण सारे जाणतो. पण १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना नेमके दुसऱ्या दिशेचे सांगितले, हे तितक्या आवर्जून कुणी सांगत नाही. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि गळ्याहातातले जे दागिने पाहताक्षणी जात सांगतात, ते टाका. नीटनेटक्या, स्वच्छ राहा, असा त्यांचा उपदेश होता. ज्याला बॅरिस्टरी करूनही पंचाच नेसावासा वाटला त्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याला पिढ्यान् पिढ्या चांगले वस्त्र नेसूच दिले नाही त्याची वेगळी. कामगाराने कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना डगला बदलून स्वच्छ सदरा घालावा, यासाठी आम्ही कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागण्या केल्या आहेत. त्यात चैन नाही, मान आहे. तेव्हा फाटके घाला असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. किती रुपयांना मान मिळतो आणि कितव्या रुपयापासून नुसता डामडौल सुरू होतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक तरुण कंत्राटी कामगार आला. हाती पडणारा पगार बावीस हजार. पायात नवे बूट पाहून आम्ही किंमत विचारली. "भाऊ, चाळीस टक्के सूट होती," तो म्हणाला. आम्ही म्हटले, "मग साठ टक्के गेले की रे!" तो हसला, पण पुढे आम्ही त्याला एक शंभर पानी वही दिली आणि तीन महिने केवळ अंगावर, डोक्यावर आणि पायांत जे घालतो, लावतो, फासतो, त्याचा खर्च लिही असे सांगितले. केशकर्तनालय, दाढीचे सुवासिक पाणी, केसांचा रंग, काळा चष्मा, बुटांचा हप्ता, मोबाईलवरून मागविलेले तीन टी-शर्ट. महिन्याची सरासरी एकोणीसशेवर गेली. त्याचाच त्याला विश्वास बसेना. मग आम्ही दोघांनी बसून यादी केली: कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घेतलेले दोन सदरे आणि दोन पँटी वर्षाला, एक चामड्याची चप्पल जिला दोनदा टाच लावता येते, एक बूट, महिन्याला एकदा न्हावी, साबण, खोबरेल, घरची इस्त्री. नऊशेत बसले. माणूस पूर्वीइतकाच देखणा राहिला. किंबहुना शिवलेला सदरा खांद्याला बरोबर बसतो म्हणून अधिक देखणा दिसू लागला, असे त्याच्या आईचे मत आहे.

हजार रुपये वाचले. वर्षाचे बारा हजार. वीस वर्षे दर वर्षअखेरीस बारा हजार बाजूला पडले आणि त्यांवर ६ टक्के सुटले तर ४ लाख ४१ हजार होतात. १० टक्के सुटले तर ६ लाख ८७ हजार. हे १० टक्के कुणी ठरवून देत नाही, शेअरमध्ये तशी हमी कुणी दिली तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. आणि हेही विसरू नये की, महागाई जर ६ टक्क्यांनी वाढत गेली तर आज शंभराला मिळणारी वस्तू वीस वर्षांनी तीनशेवीसला मिळेल. म्हणजे ६ टक्केवाला माणूस आहे तिथेच उभा आहे. धंद्यात भागीदार होण्याचे कारण एवढेच: वस्तूचे भाव वाढले की ती वस्तू करणाराचे उत्पन्नही बहुधा वाढते.

याच ठिकाणी आम्हांला एक गंमत दिसली. त्या तरुणाच्या यादीतल्या साबण-पावडरी ज्या मोठमोठ्या कंपन्यांच्या, त्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही पाहता येतात. देशातल्या सर्वांत मोठ्या साबण कंपनीचे नफातोटापत्रक उघडा. विक्रीच्या दर शंभर रुपयांमागे दहा रुपयांच्या आसपास जाहिरात व विक्रीवृद्धी या खात्यावर पडलेले दिसतात. म्हणजे आपण डब्यातली पावडर तर विकत घेतोच, शिवाय ती घ्यावी असे आपल्याला सांगणाऱ्या नटीचे मानधनही आपणच भरतो. १९७५ पासून गोरेपणा विकणाऱ्या एका मलमाचे नाव २०२० साली बदलले गेले, त्यातला 'गोरेपणा' गेला आणि 'चमक' आली. तोवर पंचेचाळीस वर्षे सावळ्या मुलींच्या बापांनी त्या नळ्यांचे पैसे मोजले. जो माणूस नफातोटापत्रक वाचायला शिकतो, त्याची चैन उपदेशावाचून कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आता कंपनीकडे. कंपन्याही नटतात. माणूस नटतो त्याहून अधिक नटतात, कारण त्यांचा आरसा फार मोठा असतो. आमच्या सौभाग्यवती साडी घेताना काय करतात ते आम्ही दुकानात बसून अनेकदा पाहिले आहे. दुकानदार पदर पसरून दाखवितो. त्या पदराकडे पाहतही नाहीत. आधी कापड उलटे करून मागचे धागे पाहतात, मग काठाचा कोपरा ओल्या बोटाने चोळून रंग जातो का पाहतात, मग दोन्ही हातांनी ताणून पोत पाहतात. किंमत शेवटी विचारतात. शेअर घेणारी बहुतेक माणसे याच्या नेमके उलट करतात: किंमत आधी, पदर मग, आणि मागचे धागे कधीच नाही.

पदर कसा असतो याचे उदाहरण हवे असेल तर किंगफिशर एअरलाइन्स घ्या. २००५ साली तिची विमाने उडू लागली. तसा झगमगाट आपल्याकडे कुठल्या विमान कंपनीने केला नव्हता. अध्यक्षांचे फोटो रोज वर्तमानपत्रांत. त्या कंपनीने आपल्या साऱ्या आयुष्यात एकाही वर्षी नफा दाखविला नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात परवाना स्थगित झाला, तोवर वैमानिक आणि तंत्रज्ञ यांचे पगार महिनोन् महिने थकले होते. बडा घर पोकळ वासा, ही म्हण शेअरबाजारासाठीच केली असावी. आणि सत्यम कॉम्प्युटर्सचा पदर तर याहून भारी. उत्तम कारभाराबद्दलचे मानाचे पारितोषिक तिला २००८ साली मिळाले. आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी स्वहस्ते पत्र लिहून कबुली दिली की, वह्यांत दाखविलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. एका दिवसात शेअरचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला.

येथे कुणी म्हणेल की, हिशेबतपासनिसांना जे दिसले नाही ते आम्हां सामान्यांना काय दिसणार? खरे आहे, असा उघड खोटेपणा बाहेरून ओळखणे कठीण. परंतु बहुतेक कंपन्या खोट्याने बुडत नाहीत. त्या खरे लिहून बुडतात. ते अहवालाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि आपण वाचत नाही. तीच कापडाची उलटी बाजू.

युनियनचा माणूस ही उलटी बाजू कुठून पाहू लागतो ते सांगतो; आमची रीत इतरांच्या रीतीपेक्षा थोडी वेगळी आहे. हिशेबतपासनिसांच्या अहवालाला एक परिशिष्ट जोडलेले असते. त्यात त्यांना हे लिहावेच लागते की, प्रॉव्हिडंट फंड, कामगार विमा, कर इत्यादी वादातीत सरकारी देणी सहा महिन्यांहून अधिक काळ थकली आहेत की नाहीत. आम्ही प्रथम ते पान उघडतो. कामगाराच्या पगारातून कापलेला फंड जी कंपनी भरीत नाही, तिच्या तिजोरीत काय आहे हे विचारायला ज्योतिषी नको. बँकेचा हप्ता थकला तर बोभाटा होतो, मालपुरवठा करणाऱ्याचा थकला तर तो माल बंद करतो. पण फंड थकला तर महिनोन् महिने कुणाला कळत नाही, म्हणून अडचणीतला मालक तिथे आधी हात घालतो. हे आम्ही एकाहून अधिक कारखान्यांत डोळ्यांनी पाहिले आहे.

नंतर पाहायचे ते असे की, नफा झाला म्हणतात तो हातात आला का. माल उधारीवर खपवून वहीत नफा लिहिता येतो. नफातोटापत्रक फुगत चालले आहे आणि रोखीचे पत्रक दरवर्षी रिकामेच आहे, आणि गिऱ्हाइकांकडून येणे मात्र वाढते आहे, असे चार-पाच वर्षे दिसले तर ती कंपनी आपल्यासाठी नव्हे. एका वर्षाने काही ठरत नाही, लग्नातला एकच फोटो तो. म्हणून निदान पाच वर्षांचे अहवाल एकापुढे एक ठेवावेत. मग कर्ज. कर्ज नसलेला धंदा विरळा. पण वर्षाच्या नफ्यातला मोठा लचका व्याजच तोडीत असेल तर वाईट वर्षी त्या धंद्याला तोंड उघडायलाही जागा राहत नाही. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर सावकाराकडे तारण ठेवले आहेत का, हे दर तिमाहीला जाहीर होते, तेही पाहावे. घरची पितळी भांडी गहाण पडली की शेजाऱ्यांना जे कळते, तेच इथे कळते. आणि अध्यक्षांच्या भावाच्या, मेहुण्याच्या, मुलाच्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप. ती लांब असेल तर सावकाश वाचावी.

यंत्रसामग्री, इमारती, जमीन यांच्या पुस्तकी किमतीवर फार भिस्त ठेवू नये, हे आम्हांला एका परदेशी गिरणीने शिकविले. वॉरन बफे हे नाव आता आपल्याकडेही कानावर आहे. अमेरिकेतल्या ओमाहा गावी १९५८ साली ३१,५०० डॉलरला घेतलेल्या घरातच अब्जाधीश झाल्यावरही राहिलेला हा माणूस. त्याची जगप्रसिद्ध कंपनी बर्कशायर हॅथवे ही मुळात न्यू इंग्लंडमधली एक कापडगिरणी होती. १९६५ साली तिचा ताबा त्यांनी घेतला आणि वीस वर्षांनी, १९८५ साली, ती गिरणी बंद केली. त्या वर्षीच्या पत्रात त्यांनी भागधारकांना लिलावाचा हिशेब दिला आहे. १९८१ साली दर नगाला ५ हजार डॉलर देऊन घेतलेल्या मागांना ५० डॉलरलाही गिऱ्हाईक मिळेना. अखेर ते २६ डॉलरप्रमाणे भंगारात गेले. मूळ १ कोटी ३० लाख डॉलर किमतीच्या सामग्रीचे लिलावात १ लाख ६३ हजार आले. हा आकडा वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे गिरणगाव आले. १८ जानेवारी १९८२ ला आमच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मालक म्हणत होते, माग जुने आहेत, धंद्यात राम नाही. आणि आम्ही त्यांना खोटे ठरवीत होतो. मागांपुरते ते कदाचित खरे होते. त्या मागांखालच्या जमिनीचे काय, हे मात्र त्या वेळी ना त्यांनी सांगितले, ना आपण पुरेसे विचारले. जुन्या खरेदीच्या किमतीने लिहिलेली ती जमीन ताळेबंदात क्षुल्लक दिसे. पुढे तिच्यावर काय उभे राहिले ते परळ-लोअर परळला जाऊन पाहावे. म्हणजे पुस्तकातली किंमत मागाच्या बाबतीत फार मोठी आणि जमिनीच्या बाबतीत फार लहान. दोन्हीकडून फसविते.

आपल्याच कंपनीचे शेअर घ्यावेत का, असे पुष्कळ कामगार विचारतात. अभिमान म्हणून दहा-वीस ठेवा. बचत म्हणून ठेवू नका. कंपनी बुडाली तर पगार आणि पुंजी एकाच दिवशी जातात. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पामुळे आपल्याला परिचित झालेली एन्रॉन कंपनी २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत गेली, तेव्हा अमेरिकेतल्या तिच्या हजारो नोकरांची निवृत्तीची शिल्लक बहुतांशी एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपनी मोडीत निघाल्यावर पैसे वाटण्याचा क्रम ठरविला आहे. त्या प्रक्रियेचा खर्च आधी, मग चोवीस महिन्यांपर्यंतची कामगारांची देणी आणि तारण असलेले सावकार बरोबरीने, मग बाकीचे, आणि रांगेच्या अगदी शेवटी साधा भागधारक. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि ती कंपनी मोडीत काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२४ च्या नोव्हेंबरात झाला. साडेपाच वर्षे रांगेत उभे राहायचे, तेही शेवटच्या जागी.

भागीदारीची दुसरी, उजळ बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही आपल्याला भेडसावल्यासारखे होईल. १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्याला लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा ते येथल्या सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत उभे केले. स्वदेशीच्या दिवसांतली ती गोष्ट. १९१२ साली त्या कारखान्यात आठ तासांचा दिवस झाला, ही गोष्ट युनियनवाले असूनही आम्ही कबूल करतो; पुढे १९२० आणि १९२२ साली तिथे संप झाले, हीही कबूल केली पाहिजे. शेअर म्हणजे मुळात हे: एका कामात आपला पैसा घालून बराच काळ वाट पाहणे.

पण आजकालच्या तरुणांना वाट पाहणे म्हणजे शिक्षा वाटते. डीमॅट खाती २०२२ सालीच दहा कोटींवर गेली, यात वाईट काही नाही. वाईट आहे तो वायद्याचा नाद. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी शंभरात ९३ जणांना तोटा झाला आणि तो एकूण १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. पूर्वी गिरणगावात मटक्याच्या आकड्यावर पगार जाई. आमच्या वसाहतीतली मुले दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर जे करतात, त्याला आम्ही दुसरा शब्द शोधीत बसत नाही.

आम्हीही एकदा मोहात पडलो होतो. एका नव्या कंपनीची भागविक्री निघाली. कचेरीत येणारा प्रत्येक जण म्हणे, पहिल्याच दिवशी दीडपट. कारागिराच्या बाबतीत एवढी ठेच लागूनही आम्ही त्या भागविक्रीचे माहितीपत्रक वाचले नाही, कारण ते चारशे पानांचे होते आणि अर्ज दोन पानांचा. शेअर मिळाले. दीडपट झाले नाहीत. दोन वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर आले. नंतर ते माहितीपत्रक चाळले तेव्हा जोखमीच्या प्रकरणात सारे लिहिलेले होते. विक्रीचा बहुतेक भाग एकाच गिऱ्हाइकावर, आणि गोळा होणारा पैसा मुख्यतः जुने कर्ज फेडण्यासाठी. आमची रक्कम सौभाग्यवतींच्या दोन वर्षांच्या साड्यांइतकी होती. तो हिशेब त्यांनीच केला.

तेव्हा व्यवहार कसा करावा? आधी उधारी फेडावी. क्रेडिट कार्डावर महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज देणाऱ्याने १० टक्क्यांच्या आशेने शेअर घेणे म्हणजे गळकी बादली भरणे. मग सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात. मग, पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही एवढीच रक्कम धंद्यात. ज्याला अहवाल वाचायला सवड नाही किंवा गोडी नाही, त्याने निर्देशांकावर चालणाऱ्या साध्या, कमी खर्चाच्या फंडात दरमहा थोडे थोडे टाकावे आणि भाव पाहण्याचे सोडून द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. वाचायची गोडी लागली तर दोन-तीन कंपन्यांपासून आरंभ करावा, आणि शक्यतो अशा धंद्यांतल्या ज्यांचे काम आपण हातांनी केले आहे. ओतकामातल्या माणसाला ओतकामाची कंपनी कळते. औषधाची कळत नाही.

तो तरुण कंत्राटी कामगार आता दर महिन्याला हजार रुपये अशा फंडात टाकतो. त्याशिवाय त्याने एका कंपनीचे पाच शेअर घेतले. का, असे विचारले तर म्हणाला, "भाऊ, तिच्या वार्षिक सभेत बोलता येतं म्हणून." २०२० पासून पुष्कळ कंपन्यांच्या सभा दूरदृश्य पद्धतीने होतात, पाच शेअरवाल्यालाही नाव नोंदवून प्रश्न विचारता येतो. गेल्या सप्टेंबरात तो आमच्या कचेरीत बसून मोबाईलवरून बोलला. शिवलेला पांढरा सदरा घालून आला होता, कारण तोंड दिसणार होते. कंत्राटदारांमार्फत घेतलेल्या कामगारांचा फंड भरला जातो की नाही याची खातरजमा कंपनी कशी करते, हा त्याचा प्रश्न. अध्यक्षांनी आभार मानले आणि उत्तर लेखी पाठवू असे सांगितले. हे लिहीपर्यंत ते आलेले नाही. प्रश्नाची प्रत आमच्या कचेरीत लावून ठेवली आहे. पुढच्या सभेची तारीख जाहीर झाली की तो पुन्हा नाव नोंदविणार आहे.